कागदाआडचा चेहरा

आर्थिक हलाखी छायाचित्रातून दाखवण्याची रूढ रीत म्हणजे हलाखीत सापडलेल्या माणसाचा चेहरा जवळून टिपणे. ओढलेली गालफडे, हरवलेली नजर, कुशीतले मूल एवढे चौकटीत आले की पाहणाऱ्याचे मन द्रवते आणि तो मदतीला धावतो, असा या रीतीमागचा विश्वास आहे. तो अगदी निराधार नाही. मात्र दारिद्र्याचा मुक्काम चेहऱ्यावर क्वचितच असतो. तो थकलेल्या घरभाड्यात, कर्जाच्या हप्त्यात, बुडालेल्या मजुरीत असतो, आणि या गोष्टींना नाकडोळे नसतात. शिवाय दया जागवण्यासाठी एखाद्याचा चेहरा वापरणे म्हणजे त्या माणसालाच साधन बनवणे नव्हे काय, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न येथेही उभा राहतो.

या रीतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचे ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र. महामंदीच्या काळात, मार्च १९३६ मध्ये, कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर सरकारी कामाचा भाग म्हणून ते काढले गेले. मध्यभागी बत्तीस वर्षांची आई, तिच्या खांद्यांवर रेललेली दोन पाठमोरी मुले, मांडीवर तान्हे. ही रचना ख्रिस्ती चित्रकलेतल्या मेरी आणि बाळ येशूची आठवण करून देते, आणि अमेरिकी प्रेक्षकाला ते वेगळे सांगावे लागत नाही. चित्र वृत्तपत्रात आल्यावर तळावर सरकारी अन्नधान्य पोचले. ते कुटुंब मात्र तोवर पुढच्या कामाच्या शोधात निघून गेले होते. लँग यांनी त्या बाईंचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले ते १९७८ मध्ये. या चित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ते काढलेच नसते तर बरे झाले असते, असे त्यांनी तेव्हा सांगितले. (लँग यांनाही स्वामित्वधन मिळत नव्हते, सरकारी चित्र सर्वांचे असते.) पण पैशाहून अवघड प्रश्न काळाचा आहे. थॉम्पसन १९८३ पर्यंत जगल्या, त्यांनी मुले वाढवली, त्या स्थिरावल्या. चित्रात मात्र त्या बत्तीस वर्षांच्याच राहिल्या आणि त्यांची विवंचनाही तेवढीच ताजी राहिली.

लिथुआनियात जन्मलेले फ्रेंच ज्यू तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास यांनी १९४८ च्या एका निबंधात प्रतिमेवर नेमका हाच आक्षेप घेतला होता: प्रतिमा क्षण गोठवते आणि त्या क्षणाला पुढचा क्षण कधीच मिळत नाही. मूर्ती आणि प्रतिमा घडवण्याला मनाई करणारी हिब्रू आज्ञा या आक्षेपामागे उघडच आहे. पुढे १९६१ च्या ‘समग्रता आणि अनंत’ या ग्रंथात त्यांनी आपल्या नीतिविचाराच्या केंद्रस्थानी चेहराच ठेवला. हा विरोधाभास वरवरचा आहे. त्यांच्या लेखी चेहरा ही पाहण्याची वस्तू नाही. तो बोलतो, ‘हत्या करू नकोस’ अशी आज्ञा करतो. समोरच्याला खऱ्या अर्थाने भेटायचे तर त्याच्या डोळ्यांचा रंगही ध्यानात येऊ नये, असे ते म्हणत. बायबलमधली विधवा, अनाथ आणि परका ही त्यांची नेहमीची उदाहरणे. ही माणसे दुबळी खरी, पण त्यांच्या मागणीमुळे ती आपल्याहून उंचावर उभी असतात. विवेकानंदांच्या दरिद्रनारायणाची जागाही अशीच वरची आहे, जरी व्यवहारात त्या नारायणाचा उपयोग बहुधा दात्याच्या पुण्यसंचयासाठीच होतो.

चेहरा बोलतो हे मान्य केले, तर चाकोरीबाहेरची काही व्यक्तिचित्रे वेगळ्या उजेडात दिसतात. मार्था रॉसलर यांनी १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्कच्या बावरी या निराधारांच्या वस्तीची छायाचित्रे काढली, पण त्यांत माणूस ठेवलाच नाही. रिकामी दारे, पडलेल्या बाटल्या आणि शेजारी दारूच्या नशेला असलेल्या बोलीतल्या शब्दांची जंत्री. दया करायला समोर कोणी नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला स्वतःच्या पाहण्याकडे वळावे लागते. हा नकार प्रामाणिक आहे. पण त्यात गरीब गप्पच राहतो. जिम गोल्डबर्ग यांनी उलट मार्ग धरला. ‘रिच अँड पुअर’ (१९८५) या पुस्तकासाठी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील स्वस्त लॉजांमध्ये राहणाऱ्यांची आणि तिथल्याच धनिकांची छायाचित्रे काढली, आणि प्रत्येकाला त्याच्याच चित्राखाली स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगितले. छायाचित्रकाराने दिलेल्या ओळीची जागा त्या माणसाच्या वेड्यावाकड्या अक्षराने घेतली. चेहरा काय सांगतो हे आता परक्याने ठरवायचे राहिले नाही.

२०११ मध्ये अमेरिकेतील ‘आम्ही ९९ टक्के’ या मोहिमेत छायाचित्रकारच उरला नाही. लोकांनी शैक्षणिक कर्ज, दवाखान्याचे बिल, गेलेली नोकरी यांचा हिशेब कागदावर लिहिला, तो छातीशी किंवा तोंडासमोर धरला आणि स्वतःचे छायाचित्र संकेतस्थळावर पाठवले. अनेकांचा चेहरा कागदाआड अर्धा किंवा पुरता झाकलेला होता. मालकाची किंवा सावकाराची भीती हे त्याचे एक संभाव्य कारण. तरी लेव्हिनास यांच्या कसोटीने पाहिले तर हा झाकलेला चेहरा ‘मायग्रंट मदर’च्या उघड्या चेहऱ्याहून अधिक चेहरा ठरतो, कारण तो समोरच्याशी थेट बोलतो. कॅमेरा आणि इंटरनेट हाताशी असलेल्यांनाच हे शक्य होते, ही मर्यादा मात्र खरी. वाटाणा तोडणाऱ्या मजुराला ते कधीच साधले नसते.

लेव्हिनास यांच्या विचारात दोघांच्या भेटीत ‘तिसरा’, म्हणजे आणखी एक माणूस, येतो तेव्हा करुणा पुरत नाही; तुलना, मोजमाप, कायदा लागतो आणि न्यायाचा प्रश्न सुरू होतो. गोल्डबर्ग यांनी धनिकांनाही त्याच पुस्तकात बसवले ते या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण गरिबी हा एकट्याचा गुणधर्म नसून दोघांमधला संबंध आहे. ‘९९ टक्के’ हा आकडाही उरलेल्या मूठभर धनिकांशी केलेल्या तुलनेचाच आहे. फक्त त्या कागदांवर कर्जदार दिसतो, येणे असलेला सावकार चौकटीच्या बाहेर असतो, आणि त्याचे व्यक्तिचित्र कसे काढायचे हे छायाचित्रकलेला अजून नीटसे उमगलेले नाही.