चांगल्या माणसांची पावलं

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. पेरूमध्ये, लिमापासून सुमारे ४०० किलोमीटर दक्षिणेला असलेलं नाझकाचं वाळवंट तसं नाही. नजर जाईल तिथवर तांबूस, काळपट दगडगोटे. ते बाजूला सारले की खालची फिकट माती उघडी पडते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाझका लोकांनी नेमकं एवढंच केलं. त्यातून माकड उमटलं, कोळी उमटला, नव्वदेक मीटरचा हमिंगबर्ड उमटला. कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही (परग्रहावरच्या पाहुण्यांवर श्रद्धा असलेल्यांना मात्र कसलीच शंका नाही!). बहुतेक रेषा वीतभरही खोल नाहीत. तरी त्या टिकल्या, कारण तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही आणि माणूसही फारसा फिरकला नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये लिमात हवामान परिषद भरली होती. त्या वेळी ग्रीनपीसचे कार्यकर्ते हमिंगबर्डजवळ गेले आणि अक्षय ऊर्जेचा संदेश देणारी मोठाली पिवळी कापडी अक्षरं त्यांनी जमिनीवर अंथरली. फोटो निघाले, अक्षरं गुंडाळली गेली, पावलांचे ठसे राहिले. परवानगी असलेल्यांनाही जिथे खास पादत्राणं घालावी लागतात, तिथे ही मंडळी साध्या बुटांनी चालली. पेरू संतापला. संस्थेने माफी मागितली.

जानेवारी २०१८ मध्ये एका ट्रकचालकाने रस्ता सोडून गाडी आत घातली आणि तीन रेषा बिघडवल्या. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. मला अस्वस्थ करतात ते आधीचे. पृथ्वी वाचवायला निघालेल्या माणसांना आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हे दिसू नये? कार्य मोठं असलं की आपण खाली बघणं सोडतो. घरच्यांना गृहीत धरणारे समाजसेवक आपल्या ओळखीत असतातच.

मारिया रायखे ही जर्मन गणितज्ञ याच वाळवंटात आयुष्याची अनेक दशकं राहिली. झाडू घेऊन रेषा स्वच्छ करायची, मोजायची, नकाशे काढायची. तिचीही पावलं तिथे उमटली असणारच. पण ती फोटो काढून परतली नाही. काही बिघडलं असतं तर ते तिच्याच डोळ्यांपुढे राहणार होतं. पुढे, लोकांनी रेषा न तुडवता त्या पाहाव्यात म्हणून तिने १९७६ मध्ये स्वतःच्या पैशांनी एक मनोरा उभारला. तो पॅन-अमेरिकन महामार्गालगत आहे. त्यावरून दोन हात दिसतात, झाड दिसतं आणि एक सरडाही दिसतो. रस्ता बांधणाऱ्यांनी महामार्ग त्या सरड्याच्या अंगावरूनच नेलाय.