शर्यतीत एकटीच

परभणी जिल्ह्यात पोहणे ही पूर्वापार विहिरीची विद्या. पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोराला पाण्यात सोडायचे आणि काठावरून धीर द्यायचा, एवढीच तिची शाळा. गंगाखेडला गोदावरीच्या पात्रात, पूर्णेच्या डोहांत पिढ्यान्‌पिढ्या मुलगे असेच तयार झाले. मुली क्वचितच. वालूरच्या चक्राकार बारवेसारख्या जुन्या बारवांच्या पायऱ्या बायकांनी जन्मभर उतराव्यात आणि भरली घागर घेऊन चढाव्यात. पाण्यावर देह मोकळा सोडण्याचे सुख त्यांच्या वाट्याला आले नाही.

म्हणूनच एप्रिल २०१५ मधील एका वृत्ताने आम्हांला विचारात पाडले. जपानच्या मात्सुयामा शहरात मिएको नागाओका या १०० वर्षांच्या वृद्धेने १,५०० मीटर अंतर १ तास १५ मिनिटे ५४ सेकंदांत पोहून पार केले. शंभरी गाठल्यावर हे अंतर स्पर्धेत पुरे करणारी ती जगातील पहिलीच व्यक्ती. तिने पोहायला आरंभ केला तोही ऐंशीच्या घरात, दुखऱ्या गुडघ्यावर इलाज म्हणून. छातीभर पाण्यात देहाचा बहुतेक भार पाणीच उचलते. जमिनीवर जो गुडघा कुरकुरतो तो तेथे निमूट चालतो. सबंध अंतर ती उताणी पोहली. आणि १०० ते १०४ या वयोगटात ती एकटीच होती.

मग ती जिंकली कोणावर? प्रतिस्पर्धी उरलेच नाहीत तेव्हाचे पदक हे पराक्रमाचे की केवळ दीर्घायुष्याचे? पिकल्या पानाने वेळेच्या मागे धावावे, ही हौस की अहंकार? असे प्रश्न आमच्याही मनात आले, आणि ते अगदीच पोकळ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. सत्काराची हाव वयाबरोबर ओसरतेच असे नाही.

परंतु या स्पर्धांचा एक नियम आम्हांला फार न्यायी वाटतो. मास्टर्स जलतरणाची पहिली जागतिक स्पर्धा १९८६ साली टोकियोत झाली. तेथे वयाची पंचविशी पुरी झाली की प्रवेश मिळतो आणि पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो. सत्तरीच्या माणसाला तिशीच्या मापाने कोणी मोजत नाही. एरवी वाढदिवस नकोसा वाटणाऱ्या वयात हे लोक सत्तराव्या वर्षाची वाट पाहतात, कारण नव्या गटात तेच सर्वांत लहान ठरतात! म्हातारपणाला त्याचे स्वतःचे माप देणे, ही काही लहान गोष्ट नव्हे. तरुण विश्वविक्रमी स्त्री तेवढेच अंतर सुमारे पंधरा मिनिटांत कापते. नागाओकाबाईंना पाचपट वेळ लागला आणि तो कोणी उणा मानला नाही.

आमची चूक झाली ती पुढे. ते वृत्त आम्ही आमच्या वृद्ध मावशीला मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले आणि वर म्हणालो, "बघ, शंभराव्या वर्षी! नाहीतर तू." मावशीचे आयुष्य कापूस वेचण्यात आणि पाणी वाहण्यात गेले. गुडघे केव्हाच झिजले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तिच्या गावाला पाणी लय असंल, बाबा."

आम्ही निरुत्तर झालो. त्याच वर्षी मराठवाडा सलग दुसऱ्या अवर्षणात होरपळला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशात पिण्याचे पाणी रुळांवरून येते, तेथील वृद्धेपुढे पोहण्याचा आदर्श ठेवणारे आम्ही कोण? नागाओकाबाईंची चिकाटी खरीच. पण त्या चिकाटीला तलाव लाभला, शिकविणारे लाभले, मोकळा वेळ लाभला. एकीच्या कर्तृत्वाची काठी करून दुसरीच्या पाठीत घालणे हा दोघींचाही अपमान होय. वृद्धांच्या विक्रमांचे कौतुक करताना आपण बहुधा हेच करतो, आणि त्याला प्रेरणा देणे म्हणतो.

थोड्या वेळाने मावशीनेच विषय काढला. "सव्वा तास पवत व्हती म्हनं. मग तवर समदे थांबले व्हय तिच्यासाठी?"

आम्ही म्हटले, "हो. तिने भिंतीला हात लावीपर्यंत शर्यत संपलीच नव्हती."

"आन् कुनी आटप म्हनलं न्हाई?"

"नाही."

मावशीने पदराने चष्मा पुसला आणि ते वृत्त पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, वाचायला सांगितले.