विल्नियसला जाताना गळ्यात काय घालावं?

पहिल्यांदाच लिथुआनियाच्या राजधानीत जाणाऱ्यांसाठीचा व्यावहारिक सल्ला एका परिच्छेदात संपतो. शेंगेन व्हिसा लागतो, चलन युरो. विमानतळ शहराच्या अगदी जवळ आहे, बस आणि ट्रेन दोन्ही मिळतात. जुनं शहर पायी बघायचं. रस्ते दगडी आहेत, म्हणून बूट बरे हवेत. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारतं, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. शाकाहारी असाल तर बीट आणि केफिरचं थंड, गुलाबी सूप मागवा. बटाट्याचे मोठे गोळे मागवण्याआधी आत काय आहे ते विचारा, बहुतेकदा मांस असतं. आभार मानायला ‘आचू’ म्हणायचं. ते शिंकल्यासारखं वाटतं, पण समोरचा खूश होतो.

एवढं कुठेही वाचायला मिळेल. बॅग भरताना पडणारा एक प्रश्न मात्र या याद्यांमध्ये नसतो: गळ्यातल्या साखळीतलं स्वस्तिक घालून जावं का? आणि टी-शर्टवरचा विळा-हातोडा?

लिथुआनियात २००८ पासून नाझी आणि सोव्हिएत, दोन्ही राजवटींची चिन्हं सार्वजनिक ठिकाणी मिरवायला बंदी आहे. कायद्याचा रोख तुमच्या लॉकेटवर नाही, हे उघड आहे. पण प्रश्न दंडाचा नाहीच. आपल्या मनात नसलेला अर्थ आपल्या अंगावर दिसत असेल, तर त्याची जबाबदारी आपली असते का?

‘नाही’ म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. स्वस्तिक हजारो वर्षांचं आहे. उंबरठ्यावर, वहीपूजनाच्या पहिल्या पानावर, जैन देरासरात, बौद्ध शिल्पांत ते आहे. कुणी बारा वर्षं सत्तेवर राहून ते नासवलं म्हणून आपण का लपवायचं? लपवलं तर चोराचा मालकी हक्क मान्य केल्यासारखं होईल. शिवाय हे चिन्ह बाल्टिक लोकांच्या स्वतःच्या जुन्या नक्षीकामातही आहे. २०१० मध्ये क्लायपेडाच्या न्यायालयाने स्वस्तिक मिरवणाऱ्या काही जणांना याच आधारावर सोडलं होतं: हे सूर्याचं प्राचीन चिन्ह आहे, म्हणून. भाषेतही नातं आहे. लिथुआनियनमध्ये अग्नी म्हणजे ‘उग्निस’, धूर म्हणजे ‘दूमाइ’, दात म्हणजे ‘दान्तिस’. संस्कृत आठवली की हे शहर आपलंच वाटायला लागतं.

पण धोका तिथेच आहे. आपल्यासारखं काय आहे ते शोधत फिरणाऱ्याला तिथे काय घडलं ते दिसत नाही.

विल्नियसपासून दहाएक किलोमीटरवर पानेरियाइचं जंगल आहे. सोव्हिएत सैन्याने इंधन साठवण्यासाठी तिथे मोठे गोल खड्डे खणले होते. १९४१ ते १९४४ या काळात नाझींनी आणि त्यांच्या हाताखालच्या लिथुआनियन पथकाने या खड्ड्यांच्या काठावर सुमारे एक लाख माणसं गोळ्या घालून मारली. त्यातले साधारण सत्तर हजार ज्यू होते. ज्या शहराला ‘लिथुआनियाचं जेरुसलेम’ म्हणत, जिथे चारांतला एक माणूस ज्यू होता, ते शहर तीन वर्षांत जवळपास रिकामं झालं. तिथे उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या गळ्यात काय दिसेल? तुमचा हेतू शुद्ध असेल, पण तो तुमच्या आत आहे. चिन्ह बाहेर आहे.

इथपर्यंत बऱ्याच जणांना पटेल. मग आता विळा-हातोड्याकडे वळू.

शहराच्या मुख्य रस्त्यावर, गेदिमिनास मार्गावर, एक भारदस्त इमारत आहे. झारच्या काळात ती न्यायालयासाठी बांधली गेली. पुढे तिथे गेस्टापो आली आणि नंतर केजीबी. तळघरातल्या कोठड्या आणि माणसं मारण्याची खोली आज संग्रहालय म्हणून पाहता येते. बाहेरच्या दगडांवर मारल्या गेलेल्यांची नावं कोरली आहेत. १९४१ च्या जूनमध्ये, एका आठवड्यात, लिथुआनियातून सुमारे सतरा हजार माणसं सैबेरियाकडे पाठवली गेली. ज्या घरातली आजी तिकडून परतली नाही, त्या घराला विळा-हातोडा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे मात्र तेच चिन्ह गिरणी कामगाराच्या संपाचं आहे, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाचं आहे. मुंबईत ज्याने त्या बावट्याखाली हक्काची भाषा शिकली, त्याच्यासाठी ते पवित्रच. म्हणजे पेच तोच: आपला अर्थ निर्मळ, त्यांचा रक्ताळलेला. स्वतःला एक प्रश्न विचारून बघा. या दोनपैकी कोणती वस्तू काढून ठेवायला तुम्ही लगेच तयार झालात, आणि कोणत्या वस्तूसाठी मनात वकील उभा राहिला? संवेदनशीलता दुसऱ्याच्या चिन्हाबाबत दाखवणं नेहमीच सोपं असतं.

‘स्थानिकांच्या भावना जपा’ हे उत्तरही पुरत नाही, कारण स्थानिक एक नाहीत. १९४४ च्या जुलैमध्ये रेड आर्मी विल्नियसमध्ये शिरली, तेव्हा लपून जगलेल्या मूठभर ज्यूंसाठी लाल तारा म्हणजे जीव वाचणं होतं. शेजारच्या घराला त्याच ताऱ्यात पुन्हा सैबेरिया दिसत होता. स्मृतींची वाटणीही सरळ झाली नाही. पानेरियाइतल्या सोव्हिएत काळच्या स्मारकाने मृतांना नुसतं ‘सोव्हिएत नागरिक’ म्हटलं. ज्यू हा शब्दच गाळला. गेदिमिनास मार्गावरचं संग्रहालय बरीच वर्षं वंशसंहाराच्या बळींचं संग्रहालय म्हणून ओळखलं जाई, पण ज्यूंच्या संहारासाठी तिथे एक खोली मिळायला २०११ उजाडलं. त्या संग्रहालयाचं नाव नंतर बदललं. दोन्ही राजवटींना एका तराजूत घालावं का, यावर तिथे आजही भांडण आहे. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने तो निकाल द्यायचं कारण नाही.

मग काय करायचं? उत्तर आपल्याच एका रीतीत आहे. कुणाकडे मयत झालं की आपण भेटायला जातो आणि निघताना ‘येतो’ म्हणत नाही. ‘येतो’ हा किती साधा, शुभ शब्द! त्यात काहीही वाईट नाही. तरी त्या घरात तो आपण गिळतो. तसं करताना शब्द वाईट ठरत नाही, आपण अपराधीही ठरत नाही. घराबाहेर पडल्यावर तो शब्द पुन्हा आपलाच असतो.

विल्नियस म्हणजे कायमचं सुतक नाही. उझुपिसमधल्या कलाकारांनी १९९७ मध्ये एक एप्रिललाच आपलं ‘प्रजासत्ताक’ जाहीर करून टाकलं, इतकं ते शहर मिश्कील आहे. म्हणून सल्ला माफक आहे. शहरात साखळी शर्टाच्या आत ठेवा, गोंदण असेल तर बाही खाली करा. पानेरियाइला जाताना लॉकेट खोलीवरच राहू द्या. विळा-हातोड्याचा टी-शर्ट बॅगेत भरूच नका, आणि जुन्या बाजारात सोव्हिएत बिल्ला गमतीची आठवण म्हणून घेऊही नका. कुणी विचारलं तर निःसंकोच सांगा की आमच्याकडे याचा अर्थ वेगळा आहे. विचारणाऱ्याला समजावणं हा संवाद असतो. न विचारणाऱ्याने, तेही खड्ड्याच्या काठावर, आपला इतिहास आधी शिकून घ्यावा ही अपेक्षा मात्र दांडगाई आहे.

आणखी एक गोष्ट. केजीबीची इमारत मुख्य रस्त्यावर आहे, ती चालता चालता दिसते. पानेरियाइला मुद्दाम ट्रेन पकडून जावं लागतं, म्हणून तेच यादीतून गळतं. तिकीट आधी त्याचं काढा.