शास्त्राची पोथी

सूचक शब्द नुसते वाचूनही माणसाचे वर्तन नकळत पालटते, असे डॅनियल काहनेमन यांनी ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ या २०११ सालच्या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे सांगितले. अविश्वासाची मुभाच ठेवली नाही. पुढे त्यांतील काही प्रयोग पुन्हा केले असता तो परिणाम आढळेना. थोड्या माणसांवरील प्रयोगांवर आपण फाजील विसंबलो, हे २०१७ साली त्यांनीच मान्य केले. याच मोहात जाणते संशोधकही सापडतात, हे १९७१ साली ट्व्हर्स्कींसह दाखवणारेही तेच!

लेखक मोकळे झाले. आम्हां वाचकांचे काय? प्रयोग तपासणे आमच्या आवाक्यात नाही. विश्वास ठेवणे भागच आहे. मग पुराणिकापुढे बसलेल्या श्रोत्याहून आम्ही निराळे कशाने? दुरुस्ती निघाली तर ती शोधून वाचू, एवढ्याने कदाचित. पण मूळ ग्रंथ वाचून जे चारचौघांत सांगितले, ते परत घ्यायला आमच्यापैकी कितीजण त्या चौघांकडे जातात?