क्रमांक कोरलेली अंगठी (गीता २.६२-६३)



आजचं वाचन दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे दोन श्लोक. बहुतेकांना पाठ असतील. विषयाचं चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, मग संमोह, स्मृतीचा घोटाळा, बुद्धीचा नाश. शाळेत पाठांतराच्या स्पर्धेसाठी मी हे घोकलं होतं. तेव्हा वाटायचं, हे कुणातरी मोठ्या पापी माणसाबद्दल असणार. गेल्या महिन्यात कळलं की एका अंगठीवरही काम भागतं.

मी हॉस्टेलपासूनचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा फॅन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: टॉल्किन यांच्या या कादंबरीत एक सोन्याची अंगठी आहे. जिच्या हाती लागते त्याला ती सोडवत नाही, आणि तिला नष्ट करण्यासाठीच सगळा प्रवास आहे. एका परदेशी कंपनीनं तिची सोन्यातली प्रतिकृती काढली. नग मोजके, प्रत्येकीच्या आत क्रमांक कोरलेला. किंमत आमच्या घराच्या दोन हप्त्यांएवढी. (जिच्या मोहाबद्दल एवढी मोठी कादंबरी लिहिली गेली, तीच अंगठी विकत घ्यायची! हे मला तेव्हा एकदाही सुचलं नाही.)

जाहिरात आली आणि विक्री उघडली यात तीन आठवडे गेले. तो माझा ६२वा श्लोक. रात्री झोपताना फोटो मोठा करून त्यावरची अक्षरं बघायचो. आता गंमत बघा. २००१ च्या सिनेमासाठी अंगठ्या घडवल्या न्यूझीलंडमधल्या नेल्सन गावी, जेन्स हॅन्सन यांच्या पेढीनं. वेगवेगळ्या मापांच्या चाळीसेक. पण त्या साध्या, गुळगुळीत होत्या. पडद्यावर पेटणारी ती अक्षरं नंतर संगणकावर घातलेली आहेत. म्हणजे मी रोज रात्री ज्याचं ध्यान करत होतो, ते त्या सोन्यावर नव्हतंच. मला हे माहीत होतं, तरी काही फरक पडला नाही.

आणखी एक कबुली. पानावर 'फक्त थोडे नग शिल्लक' असं लाल अक्षरात दिसलं की छातीत धडधडायचं. असली पाटी दाखवणारा कोड मी स्वतः ऑफिसात लिहिलेला आहे. ती कधी झळकवायची, रंग कुठला, शेजारी उलटं धावणारं घड्याळ किती मोठं, यावर आमच्या मीटिंगा झाल्यात. जादूगारालाच त्याची जादू लागावी तसं झालं.

विक्री रात्री साडेनऊला उघडली. नऊ एकतीसला अंगठी कार्टमध्ये होती, ओटीपीची वाट बघत होतो, आणि तेवढ्यात स्क्रीनवर आईचा फोन. कापला. परत आला. उचलून म्हणालो, "आई, आत्ता नाही गं! तुला वेळ कळत नाही का?" ती म्हणाली, "बरं, राहू दे." ओटीपी आला तोवर नग संपले होते.

मग दोन दिवस दुप्पट भावानं कोण विकतंय ते शोधण्यात गेले. तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून शेजारच्या काकूंचा फोन आला. आईला गरगरतंय. बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या मीच ऑनलाइन मागवतो, आणि त्याच सांगायला तिनं फोन केला होता. परत फोन करायचं मी साफ विसरलो. स्मृतीचा घोटाळा म्हणजे काहीतरी गहन वेदान्ती अवस्था असेल असं मी समजत होतो. तो इतका साधा असतो. (आई आता ठीक आहे. काकूंनी त्याच संध्याकाळी गोळ्या आणून दिल्या.)

काही जण म्हणतील, मग आवड असूच नये का? मला तसं वाटत नाही. ती कादंबरी मी पुन्हाही वाचणार. पण एक गोष्ट आठवते. एका चाहत्यानं टॉल्किनना स्टीलचा एक चषक भेट पाठवला होता, त्यावर अंगठीवरचीच अक्षरं कोरलेली. आज तो लिलावात आला तर आमच्यासारखे लोक काय करतील ते सांगायला नको. टॉल्किन त्यातून कधी प्यायले नाहीत. पाइपची राख झाडायला वापरायचे तो. ज्यानं ती अक्षरं जन्माला घातली, त्याला ती जवळ बाळगावीशी वाटली नाही.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. ६२व्या श्लोकात विषयाच्या चिंतनासाठी जो धातू आहे, 'ध्यै', तोच बाराव्या अध्यायात भक्तांच्या ध्यानासाठी आला आहे. एकच क्रियापद! म्हणजे तीन आठवडे रोज अर्धा तास मन एका जागी ठेवायची ताकद माझ्यात आहे. जपाला बसलो की चौथ्या मिनिटाला माझा हात फोनकडे जातो, आणि दोष मी कामाच्या ताणाला देतो. आईच्या गळ्यातली तुळशीची माळ पंढरपुरात वाटेवर घेतलेली आहे. तशा माळा तिथे हव्या तितक्या मिळतात. तिच्या माळेला क्रमांक नाही, पण ती हातात आली की आईचं मन कुठे जात नाही.

रविवारी साताऱ्याला गेलो होतो. माफी कशी मागावी ते जुळवत होतो, तेवढ्यात तिनंच चहा ठेवता ठेवता विचारलं, "अरे, त्या दिवशी घाईत होतास, ते झालं का तुझं काम?"

"नाही झालं," म्हणालो.

"होईल रे," ती म्हणाली.

गोळ्यांचा गजर आता माझ्या फोनवर लावलाय. जुन्या नगांच्या विक्रीचा अलर्ट मात्र अजून बंद केलेला नाही, खोटं कशाला बोलू. उद्या ६४वा श्लोक.