दुःख रंगवायचं की निवळू द्यायचं?

१९८४ मध्ये दिल्लीत झालेल्या अपघातात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या मानेला गंभीर दुखापत झाली. मोठे कॅनव्हास हाताळणं जमेना, तेव्हा ते छोट्या कागदांवर शाईनं काम करू लागले. कागदावर लिपीसारख्या तुटक खुणा उमटल्या. त्यांत दुखण्याचा आक्रोश शोधू जावं, तर तो सापडत नाही.

मनातलं सगळं कॅनव्हासवर ओतलं की मोकळं वाटतं, असं अमूर्त चित्राबद्दल हल्ली सर्रास सांगितलं जातं. ते खोटं नाही. क्षयाच्या आजारपणात चित्रांनी सावरलेल्या एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं १९४२ मध्ये 'आर्ट थेरपी' हे नाव दिलं, तेही अशाच अनुभवातून.

गायतोंडे यांची वाट मात्र निराळी होती. नागपूरला जन्मलेला, मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा चित्रकार झेन, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांत रमला. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलंही त्यांना रुचत नसे. रोलरनं रंगाचे थर चढवायचे, पॅलेट नाइफनं ते खरवडायचे. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं पुरी व्हायची. बाकीचा काळ वाट पाहण्याचा. इथे भावना ओतली जात नाही, ती निवळेपर्यंत चित्रकार थांबतो. साधक याहून वेगळं काय करतो?

पण साधनेनं माणूस बरा होतोच का?

अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या प्रार्थनागृहासाठी चित्रकार मार्क रॉथको यांनी काळ्या-जांभळ्या गडद रंगांतली १४ चित्रं केली. ते १९७१ मध्ये खुलं झालं. त्याच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १९७० मध्ये, रॉथको यांनी आत्महत्या केली होती. कुठल्याही एका धर्माच्या नसलेल्या या जागेत आजही माणसं येतात, बाकांवर निमूट बसतात. त्यांना धीर देणारे रंग रॉथकोंना वाचवू शकले नाहीत. हे झाकून चित्रांच्या उपचारशक्तीचे गोडवे गाणं अप्रामाणिकपणाचं आहे. नैराश्याला डॉक्टर लागतो, औषध लागतं.

चित्र देतं ती सोबत. अशा चित्रात गोष्ट नसते, ओळखीचा चेहरा नसतो, म्हणून पाहणाऱ्याला स्वतःच्या दुःखाला नाव न देताही त्याच्यापाशी थांबता येतं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे यांची चित्रं आहेत. प्रदर्शनात त्यातलं एखादं समोर आलं, तर अर्थ विचारण्याआधी थोडा वेळ नुसतं पाहा.