धूपगडावरची सायंकाळ
वैशाखात नागपूरची भूमी तापू लागली की पूर्वी मध्यप्रांताचा राजकारभार, दप्तरांसह आणि अंमलदारांसह, सातपुड्याच्या कुशीतील पचमढीस मुक्कामाला जात असे. परंतु कोणाच्याही हुकमावाचून, केवळ श्रद्धेच्या बळावर, महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन तेथील चौरागडाच्या महादेवाकडे निघणारे वैदर्भीय शेतकरीच, माझ्या मते, या पर्वताचे खरे मानकरी होत. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर जे धूपगड, त्याच्या १३५२ मीटर उंचीवर सूर्यास्तसमयी उभे राहिले म्हणजे, एकामागे एक फिकट होत क्षितिजात विलीन होणाऱ्या त्या नील पर्वतराजी पाहताना, सोबत्याशी चाललेले संभाषण आपोआप थांबते. श्रोतेहो, यंदा सवड काढून अवश्य जा, आणि चौरागडाच्या पायऱ्या वृद्ध यात्रेकरूंच्या चालीने, सावकाश चढा.